सीडी कॉम्प्युटरवर चढते, पण गाण्यांची नावं कुठे जातात?

मामाकडे तीनशेचाळीस सीडी आहेत. बऱ्याचशा सवाईच्या मांडवातल्या स्टॉलवरून घेतलेल्या, महोत्सव रमणबागेत भरायचा तेव्हाच्या. काही लक्ष्मी रोडवरच्या, काही जुन्या बाजारातून दहा-वीस रुपयांना उचललेल्या, आणि एक जाडजूड गठ्ठा ‘अमक्याने कॉपी करून दिली’ जातीचा. गेल्या पावसाळ्यात सीडी प्लेयरने मान टाकली तेव्हा हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. तपकीर गल्लीतून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला, मामाला विंडोज मीडिया प्लेयरमधलं ‘रिप सीडी’चं बटण दाखवलं आणि मी कोथरूडला परत आले.

आठवड्याने फोन. “अगं, सत्तर सीड्या झाल्या. पण सगळीकडे ट्रॅक वन, ट्रॅक टू, अननोन आर्टिस्ट. भीमसेन कोणता आणि कुमार कोणता, काही कळेना.”

सदाशिव पेठेत पोचले तर मामा एकेक सीडी मऊ फडक्याने पुसून परत ड्राइव्हमध्ये घालत होता. नावं दिसत नाहीत म्हणजे सीडी मळली असणार, हा त्याचा हिशोब.

“मामा, ते फडकं ठेव आधी. पुसून नावं येणार नाहीत.”

“का नाही? पाकिटावर छापलंय की सगळं. मग ह्याला दिसत नाही?”

नाही दिसत, आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. ऑडिओ सीडीचं मानक १९८० साली फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलं, आणि त्यात गाण्याच्या नावाला जागाच नव्हती. सीडीच्या आतल्या कडेला एक छोटी अनुक्रमणिका असते. ट्रॅक किती, आणि प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो, एवढंच तीत असतं. ते ‘कुठे’ मोजायचं माप म्हणजे सेकंदाचा पंच्याहत्तरावा भाग. गायक, राग, ताल, काही नाही. मग पूर्वी नावं आपोआप यायची ती कुठून? प्रोग्रॅम ही अनुक्रमणिका वाचतो, तिच्यावरून एक ओळख-क्रमांक तयार करतो आणि इंटरनेटवरच्या एखाद्या यादीला विचारतो की या मापाची सीडी तुझ्याकडे कुणी नोंदवली आहे का. नोंद असेल तर नावं येतात, नसेल तर ट्रॅक वन. सीडीवर ओरखडे असले तर गाणं अडखळेल. पण अनुक्रमणिकाच वाचता आली नाही तर ड्राइव्ह सीडी ओळखणारच नाही. म्हणजे सीडी उघडली, ट्रॅकची संख्या बरोबर आली आणि नावं मात्र नाहीत, तर सीडीला दोष देऊ नका.

म्हणून शोध घ्यायचा तो असा, की नाव नेमकं कुठे गळलं. आलंच नाही, चुकीचं आलं, आलं पण फायलीत उतरलं नाही, उतरलं पण दिसत नाही, की दिसत होतं आणि नंतर पुसलं गेलं? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्याला लावल्यामुळेच लोक महिनोन्महिने त्याच जागी गोल फिरतात.

आधी एक सोपी परीक्षा

घरातली सगळ्यांत खपाऊ सीडी शोधा. लाखांनी विकल्या गेलेल्या हिंदी सिनेमाची चालेल, गाजलेल्या इंग्रजी बँडची तर उत्तम. ती घाला. तिचीही नावं आली नाहीत तर दोष प्रोग्रॅमचा किंवा इंटरनेटचा. तिची आली आणि मामाच्या मारवा रागाच्या सीडीची आली नाहीत, तर प्रोग्रॅम ठणठणीत आहे, त्या सीडीची नोंदच कुठे नाही किंवा जुळत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक प्रोग्रॅम काढून परत टाकत बसतात.

खपाऊ सीडीही कोरी निघाली आणि ‘पूर्वी यायची, आता येत नाहीत’ अशी तक्रार असेल, तर पहिला संशय फ्रीडीबीवर घ्या. १९९०च्या दशकात सीडीडीबी नावाची यादी लोकांनीच नावं टाइप करून वाढवली. पुढे ती ग्रेसनोट या नावाने व्यापारी झाली, तेव्हा खुला पर्याय म्हणून फ्रीडीबी उभी राहिली. बहुतेक फुकट प्रोग्रॅम तिलाच विचारायचे. ती २०२०मध्ये बंद झाली. जुन्या कॉम्प्युटरवरचा जुना प्रोग्रॅम अजून त्याच बंद दाराची कडी वाजवत असतो, आणि ‘नोंद सापडली नाही’ असं सभ्यपणे सांगतो. फ्रीडीबीची जुनी नोंदवही पुढे जीएनयूडीबीने चालू ठेवली आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरत असाल (लोक ईएसी म्हणतात) तर मेटाडेटा ऑप्शन्समध्ये सर्व्हरचा पत्ता बदलून जीएनयूडीबीचा टाका. तिथे ई-मेलची चौकट असते, तीही भरा. ती रिकामी ठेवून नावं का येत नाहीत म्हणून डोकं खाजवणारे मी पाहिलेत. त्यांतली एक मीच.

आपल्या गाण्याची खास अडचण

मामाच्या घरी खपाऊ सीडीची नावं झटक्यात आली. म्हणजे प्रोग्रॅम शहाणा होता. मग मी यमनची एक सीडी घातली, आणि नावं आली! चर्चमधल्या ऑर्गनवादनाची. विलंबित ख्यालाच्या जागी जर्मन शीर्षक. मामा चष्मा वर करून म्हणाला, “हे कधी घेतलं मी?”

हसून झालं, मग हिशोब मांडून बसले. फ्रीडीबीच्या पद्धतीत सीडीची ओळख तीन गोष्टींतून बनते: ट्रॅक किती, एकूण लांबी किती सेकंद, आणि प्रत्येक ट्रॅक ज्या सेकंदाला सुरू होतो त्या संख्येच्या अंकांची बेरीज. समजा, सीडीवर दोनच ट्रॅक आहेत, एकूण लांबी ३५०० सेकंद. पहिला ट्रॅक नेहमीप्रमाणे दुसऱ्या सेकंदाला सुरू होतो, म्हणून २. दुसरा सुरू होतो ३४ मिनिटं २५ सेकंदांवर, म्हणजे २०६५व्या सेकंदाला. २ अधिक ० अधिक ६ अधिक ५, झाले १३. एकूण बेरीज १५. आता दुसरी एखादी सीडी घ्या, तीही दोन ट्रॅकची, तीही ३५०० सेकंदांची, पण तिचा दुसरा ट्रॅक ३२ मिनिटं १० सेकंदांवर सुरू होतो. म्हणजे १९३०वा सेकंद. १ अधिक ९ अधिक ३ अधिक ०, परत १३. बेरीज परत १५. दोघींची ओळख एकच!

सिनेमाच्या सीडीवर दहा-बारा गाणी असतात. तिथे एकूण लांबी, ट्रॅकची संख्या आणि अंकांची बेरीज हे सगळं एकदम जुळून येणं अवघड. आपल्याकडे एक बडा ख्याल, त्याला जोडून छोटा ख्याल, फार तर शेवटी एखादी ठुमरी. दोन ट्रॅक, तीन ट्रॅक. आणि तासाभराचा एकच ट्रॅक असेल तर विचारूच नका. तिथे बेरीज कायम २ असते, ट्रॅक कायम १, आणि उरते फक्त लांबी. तेवढ्याच सेकंदांची, एकाच ट्रॅकची जगातली कोणतीही सीडी तिची जुळी बहीण ठरते. मग ती ध्यानधारणेची असो की पावसाच्या आवाजाची.

म्हणून माझा नियम: तीन किंवा कमी ट्रॅकची सीडी असेल तर आपोआप आलेल्या नावांवर विश्वास ठेवायचा नाही. चुकीचं नाव हे नसलेल्या नावापेक्षा वाईट. ‘ट्रॅक वन’ निदान डोळ्यांत खुपतं. मारव्यावर ‘पूरिया’ लिहिलेलं असेल तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि कुणी जाणता पाहुणा आला की लाज जाते.

म्युझिकब्रेन्झ ही दुसरी मोठी यादी यात बरीच कडक आहे. ती सगळ्या ट्रॅकांच्या जागा सेकंदाच्या पंच्याहत्तराव्या भागापर्यंत हिशोबात घेते, त्यामुळे चुकीची जुळणी क्वचित होते. पण तोच कडकपणा उलटा बसतो. तीच सीडी कंपनीने पुढे पुन्हा छापली आणि एखादा ट्रॅक केसभर सरकला, की ओळख बदलली. आणि मामाच्या त्या ‘कॉपी करून दिली’ गठ्ठ्याचं तर काही विचारू नका. कॉपी करणाऱ्याने ट्रॅक एकेक करून लिहिले असतील, तर प्रोग्रॅमने मधे दोन-दोन सेकंदांची शांतता घुसवलेली असते. गाणं तेच, अनुक्रमणिका निराळी. अशा सीडीची नावं कुठल्याही यादीत सापडणार नाहीत.

तिथे उपयोगी पडतो पिकार्ड, म्युझिकब्रेन्झचाच फुकट प्रोग्रॅम. त्याच्या ‘लुकअप सीडी’ने काम झालं नाही तर गाणी आधी तशीच, बेनाव, कॉम्प्युटरवर घ्या, मग फायली पिकार्डमध्ये टाकून ‘स्कॅन’ दाबा. तो अनुक्रमणिका पाहत नाही, पहिली दोनेक मिनिटं प्रत्यक्ष ऐकतो आणि त्या आवाजाचा ठसा जुळवतो. कॉपी केलेल्या सीडीतला आवाज मूळचाच असल्यामुळे इथे अचानक नावं सापडतात. मामाच्या गठ्ठ्यातल्या सिनेमाच्या आणि भावगीतांच्या बऱ्याच सीडी अशा सुटल्या. खासगी मैफलींच्या एकही नाही. त्या कुणी नोंदवल्याच नाहीत, तर सापडणार कुठून?

गाडीत नाव दिसतं, कॉम्प्युटरवर नाही

हा प्रश्न मला भावाने विचारला. काही सीडींवर नावं खरोखरच असतात. १९९६मध्ये मूळ मानकाला सीडी-टेक्स्ट म्हणून जोडपट्टी आली. गाडीतले काही टेप ती वाचतात, पण विंडोज मीडिया प्लेयर वाचत नाही. ईएसीमध्ये माहिती ‘सीडी-टेक्स्ट’मधून घ्या असं सांगता येतं. ड्राइव्हलाही ते जमायला हवं. देवनागरीची मात्र आशा नको, त्या पद्धतीत आपल्या लिपीची सोयच नाही.

आलेली नावं फायलीत उतरली का?

सत्तर सीडींपैकी वीसेक मामाने दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून घेतल्या होत्या. “क्वालिटी जायला नको,” म्हणून वेव्ह फायली करून. त्या प्रोग्रॅममध्ये नावं व्यवस्थित दिसत होती. पेनड्राइव्हवर घेतल्या, माझ्या लॅपटॉपला लावल्या, सगळी गायब. कारण नावं फायलीत कधी गेलीच नव्हती, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत लिहिलेली होती. वेव्हमध्ये नावं ठेवायच्या एक-दोन पद्धती आहेत, पण बहुतेक प्लेयर त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. आवाजाशी तडजोड नको असेल तर फ्लॅक जातीच्या फायली करा. आवाजाचा कणही जात नाही, जागा कमी लागते आणि नावं फायलीच्या आतच राहतात, देवनागरीतसुद्धा.

खात्री कशी करायची? फायलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स. तिथे टायटल रिकामं असेल तर नाव नाही. फायलीचं नाव ‘०१ यमन’ असून उपयोग नाही. ते पाकिटावरचं नाव झालं, आतल्या चिठ्ठीवरचं (हिलाच टॅग म्हणतात) नव्हे.

प्रश्नचिन्हं, मिशा आणि कापलेली शेपूट

नाव आहे, पण वाचता येत नाही, याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि प्रत्येकीचा चेहरा ओळखता आला की इलाज सोपा.

ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी. कुठल्यातरी टप्प्यावर देवनागरी अक्षरं जुन्या, फक्त रोमन जाणणाऱ्या साच्यात ओतली गेली आणि मूळ अक्षरं फेकली गेली. ती परत येत नाहीत, नव्याने लिहावी लागतात. जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये नावांची यादी लिहून ‘एएनएसआय’मध्ये साठवली की हमखास असं होतं.

पण रोमन ए-वर तिरकी रेघ, शेजारी चार मिशा फुटलेला वाटोळा ठिपका आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह, अशी रांग दिसली तर निर्धास्त राहा. ती आपलीच देवनागरी आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचलेली. अक्षरं शाबूत आहेत. यादी ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ म्हणून साठवून परत चढवली की यमन यमन होतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे नाव तिसाव्या अक्षरावर तुटतं. ‘Rag Miyan Malhar Vilambit Ekta’ एवढ्यावर गाडी थांबते. हे एमपीथ्री फायलीत नावं लिहायच्या ‘आयडीथ्री’ पद्धतीच्या सर्वांत जुन्या, पहिल्या आवृत्तीचं काम. तिच्यात नावाला तीसच अक्षरं मिळतात, आणि तीही रोमन. एमपीथ्रीटॅग या फुकट प्रोग्रॅममध्ये ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग इथे जाऊन पहिली आवृत्ती लिहिणं बंद करा आणि ‘आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६’ निवडा. २.४ ही नवी आवृत्ती कागदावर चांगली आहे, पण जुन्या गाड्यांतल्या आणि जुन्या विंडोजमधल्या प्लेयरना ती पचत नाही.

आणि गाडीत अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर टॅग बरोबर आहे, गाडीत देवनागरी फॉन्ट नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, तडजोड आहे. घरच्या संग्रहात देवनागरी आणि गाडीच्या पेनड्राइव्हवर रोमन नावांची वेगळी प्रत.

दुरुस्त केलं, परत गेलं

दसऱ्याला सगळं मार्गी लावून आले होते. दिवाळीत फराळाला गेले तर मामाचा चेहरा पडलेला. चाळीसेक सीडींची मराठी नावं जाऊन इंग्रजी आली होती, दोन यमनांवर परत तेच ऑर्गनवादन. भुताटकी वगैरे काही नव्हती. मीडिया प्लेयरच्या ऑप्शन्समध्ये लायब्ररीच्या पानावर इंटरनेटवरून माहिती आणायची सोय असते. तिथे ‘फक्त रिकामी जागा भरा’ याऐवजी ‘सगळं नव्याने लिहा’ निवडलेलं होतं. म्हणजे आपण लिहायचं आणि त्याने रात्रीतून पुसून आपलं लिहायचं. ते बंद केलं. प्रायव्हसीच्या पानावरही फायली इंटरनेटवरून अद्ययावत करायची खूण असते, तीही काढली. तुमचीही नावं ‘आपोआप’ बदलत असतील तर आधी इथे पाहा, आणि हे बंद केल्याशिवाय एकही नाव दुरुस्त करायला बसू नका.

शेवटी आम्ही काय केलं

उरल्या एकशेऐंशी सीडी, ज्यांना कुठलीच यादी ओळखत नव्हती. टाइप कोण करणार? मामाला कीबोर्ड नको, मला वेळ नाही. मग फोनवर मराठी बोलून टाइप करायची सोय चालू केली आणि फोन मामाच्या हातात दिला. तो पाकिटातला कागद बाहेर काढतो, उजेडाकडे धरतो आणि वाचतो: “राग मारवा. विलंबित एकताल.” फोन लिहितो. ‘मारवा’ला ‘मारला’, ‘झुमरा’ला ‘झुंबर’ असं अधूनमधून होतं. मामाला त्याचीच जास्त मजा येते. एका ओळीत एक ट्रॅक, सीडीमागे एक यादी. एमपीथ्रीटॅगच्या कन्व्हर्ट मेनूत ‘टेक्स्ट फाइल – टॅग’ आहे. फायली क्रमाने लावायच्या, यादी द्यायची, दहा सेकंदांत नावं चढतात. यादीतल्या ओळी आणि ट्रॅक यांची संख्या मात्र आधी जुळवून घ्या. एक ओळ वरखाली झाली की पुढचं सगळं सरकतं.

आणखी दोन रकान्यांनी आम्हाला दमवलं. एक, ‘अल्बम आर्टिस्ट’. तो रिकामा असेल आणि एका ट्रॅकवर गायकाचं, दुसऱ्यावर जुगलबंदीतल्या दोघांचं नाव असेल, तर प्लेयर एका सीडीच्या दोन-तीन सीडी करून दाखवतो. सगळ्या ट्रॅकांना अल्बम आर्टिस्ट एकच द्या. नावाचं स्पेलिंगही एकच ठरवा. पंडित लिहायचं की पं. लिहायचं, की काहीच नाही? आम्ही काहीच नाही ठरवलं. मामाला ते उद्धटपणाचं वाटलं, पण नाहीतर निम्मा संग्रह ‘प’ खाली जातो.

दोन, डिस्क क्रमांक. गीतरामायणाची गाणी ५६. ती एका सीडीत मावत नाहीत, आणि प्रत्येक सीडीवर ट्रॅक परत एकपासून सुरू होतात. डिस्क क्रमांक भरला नाही तर प्लेयर सगळे पहिले ट्रॅक एकत्र लावतो, मग सगळे दुसरे. आमच्याकडे रामाचा जन्म व्हायच्या आधी लंकेवर स्वारी झाली होती.

काल संध्याकाळी मामाचा फोन आला. एकशेबाराव्या सीडीवर पोचलाय. त्या पाकिटात कागदच नाही आणि सीडीवर मार्करने फक्त ‘छान’ लिहिलंय. “टायटलमध्ये काय टाकू?” विचारत होता. मी म्हटलं, आधी ऐक, राग ओळख. फोन तसाच स्पीकरजवळ धरून बसला. दहा मिनिटं दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाला, “शुद्ध कल्याण असावा. की भूप?” अजून रिकामंच आहे ते.